चौदावी मूठ

मित्रांनो, मी एक जुनी टोपी आहे, पण मला घालून कोणी उन्हात जात नाही की लग्नात मिरवत नाही. माझं कापड ताणलं जाणारं, निळं आणि आता बरंच विटलेलं आहे. त्यात बत्तीस बटणं बसवली आहेत. ही सदऱ्याची बटणं नव्हेत. प्रत्येकाच्या पोटात एक चकती आहे आणि प्रत्येकातून एक बारीक तार निघते. साऱ्या तारा एका पेटीत जातात, पेटी संगणकाला जोडलेली असते आणि पडद्यावर बत्तीस रेघा थरथरू लागतात. माणसाच्या मेंदूत सतत विजेच्या अगदी बारीक लाटा उठत असतात. त्या कवटीतून आणि कातडीतून झिरपत वर आल्या की मी त्या टिपते. माणूस काय विचार करतो आहे ते मला कळत नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण माझ्याखाली बसणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला वाटतं की ही टोपी आपलं मन वाचणार. मला फक्त खळबळ कळते. ती कुठे उठली, किती वेळ राहिली आणि कधी निवली, एवढंच.

माझा स्वभाव म्हणाल तर जन्मापासूनच अस्वस्थ. माझ्याखाली बसणाऱ्याला सगळे सांगतात, हलू नका, दात आवळू नका, पापण्या लवू देऊ नका. पण पापणी लवतेच, आणि लवली की माझ्या पुढच्या तारांत डोंगराएवढी उसळी येते. मग मी कशी शांत बसणार? शांत बसणं हे माझ्या घडणीतच नाही.

माझा जन्म इथून फार दूरच्या एका कारखान्यात झाला. भिंग लावून बसलेल्या बायांनी माझ्या तारा एकेक करून जोडल्या. मग खोक्यात बसून मी धुळ्याच्या एका दवाखान्यात आले आणि तिथे आठ वर्षं राबले. तिथे झटके येणारी, बेशुद्ध पडणारी माणसं यायची. डॉक्टर पडद्याकडे बघायचे आणि घरचे डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे. 'ही टोपी कधी दगा देत नाही,' असं डॉक्टर पाहुण्यांना सांगायचे आणि माझी छाती फुगायची. मला छाती नाही हा भाग वेगळा. पुढे नवं यंत्र आलं. मी तीन वर्षं एका कपाटात पडून होते. माझ्या हनुवटीच्या पट्ट्याचं रबर कडक झालं, सतराव्या बटणाची तार सैल झाली, आणि कपाट कोणी उघडेना. अंधारात मला एकच प्रश्न छळायचा. जिचं काम दुसऱ्याची खळबळ टिपणं, तिची स्वतःची खळबळ कोणी टिपायची?

मग एक दिवस दवाखान्याने जुनं सामान जळगावच्या एका कॉलेजला देऊन टाकलं. त्यात मीही होते.

तिथे मला नासीरभाई भेटले. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते सहायक आहेत. पन्नाशी उलटली आहे, चष्मा नाकाच्या टोकावर असतो आणि हात अगदी हलका. त्यांनी मला बाळांच्या शाम्पूने धुतलं, दात घासायच्या मऊ ब्रशने एकेक बटण साफ केलं, सैल तारेला डाग दिला आणि वाळवायला एका पालथ्या मडक्यावर चढवलं. तेव्हापासून ते मडकं माझं घर आहे. खरं सांगते, पहिल्या दिवशी मी घाबरले होते. मडक्यात एकही लाट उठेना. मला वाटलं, आपण कायमच्या बिघडलो.

तिथेच हेमांगी भेटली. ती मूळची धुळ्याची, पिंप्राळ्यात खोली घेऊन राहते आणि स्कूटरवरून कॉलेजला येते. तिचं संशोधन असं, की निरोगी माणसं काही आठवतात तेव्हा आणि स्वतःविषयी विचार करतात तेव्हा त्यांच्या मेंदूच्या लाटा कशा बदलतात. त्यासाठी तिला चाळीस ते साठ वयाची तीस माणसं हवी होती. आजारी नकोत, धडधाकट हवीत.

मला हायसं वाटलं होतं. मनात म्हटलं, आठ वर्षं दुखणाईत डोकी सांभाळली, आता जरा निवांतपणा मिळेल. कसला निवांतपणा! आजारी माणूस आपला भार डॉक्टरवर टाकून मोकळा होतो. निरोगी माणसाला 'तुम्ही कसे आहात' एवढंच विचारा आणि मग बघा. पडद्यावर एक शब्द यायचा आणि प्रश्न असायचा, हा शब्द तुम्हाला लागू पडतो का? एका मास्तरांनी 'हुशार' या शब्दावर इतक्या घाईने 'हो' दाबलं की शब्द धड उमटलाही नव्हता. पिंप्राळ्याचे एक दुकानदार 'प्रामाणिक' या शब्दापाशी अडकले ते अडकलेच. रेघा अशा काही उसळल्या की मलाच घाम फुटायची वेळ आली. 'हो' दाबल्यावरही त्या निवल्या नाहीत.

अशी सव्वीस माणसं झाली. सत्ताविसाव्या आल्या त्या सुनंदाबाई, आणि मी ही सगळी कहाणी सांगते आहे ती त्यांच्यामुळे.

आषाढाचे दिवस होते. जवळच्या असोदा गावाहून मोटारसायकलवर नवरा-बायको आले. नवरा तोताराम, उंच, टोपी हातात धरून दारातच उभा राहिलेला. सुनंदाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या, डोक्यावर पदर, आणि एक हात पदराच्या टोकाशी सारखा चाळा करणारा. हेमांगीने गावोगावच्या ग्रामपंचायतीत कागद लावला होता. गावात त्याचा अर्थ असा झाला होता, की कॉलेजात डोकं तपासायचं शिबिर आहे.

"मॅडम, हिचं डोकं तपासून द्या," तोताराम म्हणाले. "डोकं चांगलं हाये असा एक कागद द्या, म्हंजे झालं. घरात वर्षभर कटकट चालू हाये."

हेमांगीने त्यांना खुर्चीवर बसवलं. "नाना, हे शिबिर नाही. मी शिकण्यासाठी नोंदी घेते. कोणाचं डोकं चांगलं आणि कोणाचं बिघडलेलं, हे या टोपीवरून मी सांगू शकत नाही. तसा कागद मी देणार नाही. तशी शंका असेल तर डॉक्टरांना दाखवा, मी नाव सुचवते."

"मंग टोपी कशाले?" तोताराम उठले. "चाल वं, केयीच्या बागाले पानी द्याचं बाकी हाये."

सुनंदाबाई उठल्या नाहीत. "तुम्ही बसा भाईर," त्या म्हणाल्या. "एवढी आली तर मी टोपी घालूनच जाईन."

हेमांगीने आधी नेहमीचे प्रश्न विचारले. आज वार कोणता, गाव कोणतं, तीन शब्द लक्षात ठेवून थोड्या वेळाने सांगा. सुनंदाबाईंनी सगळं बिनचूक सांगितलं. मग नासीरभाईंनी मला मडक्यावरून उतरवलं आणि त्यांच्या डोक्यावर चढवायला घेतलं, तर मी सरकले. पुन्हा चढवलं, पुन्हा सरकले. सुनंदाबाईंच्या केसांत तेल होतं, आणि थोडंथोडकं नव्हे. माझ्या चकत्यांना कातडीचा स्पर्श लागतो, मध्ये तेल आलं की मी आंधळी होते.

"मॅडम, इतकं तेल है, की भजी तळून होतील," नासीरभाई हळूच म्हणाले.

हेमांगीने कपाळाला हात लावला. "अक्का, डोकं धुऊन या असा निरोप दिला होता ना?"

"धुतलं ना. दोनदा धुतलं," सुनंदाबाई म्हणाल्या. "मंग तेल लावलं. कोरडं डोकं घेऊन घराभाईर कशी निंघू? लोकं म्हनतीन, हिच्या घरात काही वाईट झालं काय."

त्यांचंही चुकलं नव्हतं. त्यांच्याकडे बाई शहरात कामाला निघाली की चापूनचोपून तेल लावूनच निघते. हेमांगीच्या सूचनेत 'धुऊन या' होतं, 'तेल लावू नका' नव्हतं. तिला ते लिहायचं सुचलंच नाही, कारण ती ज्या पुस्तकांतून शिकली त्यांत हे कुठेच नव्हतं.

मग हेमांगीने बाह्या वर केल्या. नासीरभाईंनी किटलीत पाणी तापवलं, प्रयोगशाळेच्या बेसिनपाशी स्टूल ठेवलं, आणि हेमांगी स्वतः सुनंदाबाईंचे केस धुवायला लागली. मी शेजारी टेबलावर होते. दुसऱ्या कोणी आपलं डोकं धुवावं असं त्या बाईच्या आयुष्यात किती वर्षांत घडलं नव्हतं कोण जाणे. तिसऱ्यांदा पाणी घालून झाल्यावर हेमांगी आपल्या धुळ्याच्या बोलीत बोलून गेली, "अक्का, बठ्ठं तेल निंघी गयं." म्हणजे सगळं तेल निघून गेलं. सुनंदाबाईंना त्या बोलीचं हसू आलं. आणि हसता हसताच त्या बोलायला लागल्या.

त्यांच्या घरी श्रावणात कानबाई देवी बसते. चार भावांचं मोठं खटलं आहे. नागपंचमीनंतरच्या रविवारी सगळे जण जिथे असतील तिथून घरी येतात. रोट म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्या, त्या घरातल्यांनीच पौर्णिमेच्या आत संपवायच्या. त्यांच्यासाठी गहू आणि हरभऱ्याची डाळ दळायची असते, आणि ते धान्य मापाने घेत नाहीत. घरातल्या प्रत्येक पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा मूठ सुपात टाकायची. अगदी पाळण्यातल्या पोराचीसुद्धा. हे काम घरातल्या थोरल्या बाईचं असतं. सासू होती तोवर सासूने केलं. गेल्या वर्षी ती गेली, आणि मूठ सुनंदाबाईंच्या हातात आली.

"धाकटी जाऊ समोर बसली होती, कामिनी," त्या सांगत होत्या. डोळे मिटलेले, मान बेसिनवर. "तिनं आधी चौदा चिंचोके मांडले. एक मूठ पडली, की एक चिंचोका उचलायचा. मी म्हटलं, झाली मोजनी. तं एक चिंचोका खाली तसाच."

"कोणाचा?"

सुनंदाबाईंची बोटं पदराच्या टोकाशी गेली. नळ थेंब थेंब गळत होता.

"कुंदनचा. मह्या पोराचा. पोटचा पोऱ्या मी इसरली, बाई."

तिथल्या तिथे त्याच्या नावाची मूठ टाकली गेली. पण महिन्याभरात कुंदन धुळ्याला मोटारसायकलवरून पडला आणि त्याचा हात मोडला. तो तिथे कारखान्यात नोकरीला आहे. हात जुळला, पण घरात बोलणं सुरू झालं ते थांबलं नाही. तवा गॅसवर राहिला तरी, किल्ली सापडली नाही तरी, सगळे एकमेकांकडे बघायचे. यंदा मूठ कामिनी घेईल असं जवळजवळ ठरलं होतं.

"कामिनीचं काही नही, ती चांगली हाये," सुनंदाबाई म्हणाल्या. "पन मही माय शेवटी मले ओयखत नव्हती. मले म्हने, तू कोनाची पोरगी? तसं तं मले नही ना होऊन राह्यलं?"

केस पुसताना हेमांगीने विचारलं की पदराला काय बांधलं आहे. सुनंदाबाईंनी गाठ सोडून दाखवली. तोच चिंचोका होता. वर्षभर त्यांनी तो पदराला बांधून ठेवला होता.

मित्रांनो, मी धातू आणि कापड आहे, पण त्या क्षणी मला त्या डोक्यावर जाऊन बसायची भीती वाटली. सतरावं बटण सैल आहे, आपण काही चुकीचं दाखवलं तर? या बाईला वाटतं आहे की आपला निकाल या टोपीत आहे. हेमांगीने शंभरदा नाही सांगितलं तरी तिला तसंच वाटणार होतं. दवाखान्यात मला असं कधी वाटलं नव्हतं. तिथे चूक झाली तर निस्तरायला डॉक्टर होते.

नासीरभाईंनी बोथट सुईने एकेका बटणात थंड जेल भरलं. रेघा सुरू झाल्या. डोळे मिटायला सांगितलं, की बहुतेकांच्या डोक्याच्या मागच्या बाजूला संथ लाटा येतात, पाण्याने भरलेल्या पाटासारख्या. सुनंदाबाईंच्याही आल्या, पण क्षणभरच. लगेच तुटल्या, पुन्हा आल्या, पुन्हा तुटल्या.

मग शब्द सुरू झाले. काही शब्दांना विचारायचं, हा तुम्हाला लागू पडतो का. काहींना विचारायचं, हा तुमच्या जवळच्या एका माणसाला लागू पडतो का. जवळचं माणूस म्हणून सुनंदाबाईंनी कामिनीचं नाव दिलं होतं. त्या बाईचा न्याय बघा. जी आपली मूठ घेणार, तिलाच जवळची म्हटलं.

'कष्टाळू', तुम्हाला? नाही. 'प्रेमळ', तुम्हाला? नाही. 'समजूतदार', तुम्हाला? नाही. चांगला शब्द आला की यांचं बोट 'नाही'वर. हेमांगीने मध्ये थांबवून विचारलं, अक्का, प्रश्न समजला ना?

"समजला ना. पन सोताले सोताच कोनी चांगलं म्हनते का?"

'मेहनती', कामिनीला? हो. 'मायाळू', कामिनीला? हो. 'भांडखोर', कामिनीला? इथे त्यांच्या गालाचा स्नायू हलला, म्हणजे हसू आलं असणार, कारण माझ्या बाजूच्या तारा गडबडल्या. पण उत्तर 'नाही' दिलं. आणि शेवटून तिसरा शब्द आला 'विसराळू', तुम्हाला? बोट बराच वेळ हललं नाही. माझ्या कपाळावरच्या मधल्या बटणाखाली जी लाट उठली, ती 'हो' दाबून झाल्यावरही चालूच राहिली. मला ते सहन होईना. उडी मारून खाली उतरावंसं वाटलं, पण हनुवटीचा पट्टा बांधलेला होता.

हा खेळ संपला, की हेमांगी न सांगता एक परीक्षा घेते. मघाचे शब्द आठवतील तेवढे सांगा. बहुतेक माणसांना स्वतःबद्दल विचारलेले शब्द सगळ्यांत जास्त आठवतात. स्वतःला चिकटलेली गोष्ट निसटत नाही, म्हणतात. मास्तरांना स्वतःचे दहापैकी नऊ आठवले होते. सुनंदाबाईंना कामिनीचे दहापैकी नऊ आठवले. स्वतःचा आठवला एकच. तो होता 'विसराळू'.

हेमांगी पडद्याकडे बघत राहिली. नासीरभाईंनी चष्मा वर सरकवला.

शेवटचं काम सोपं होतं. तुम्हाला पाठ असलेली कोणतीही यादी मनात म्हणायची आणि दर नावाला बटण दाबायचं. कोणी पाढे म्हणायचं, कोणी एसटीचे थांबे. सुनंदाबाई म्हणाल्या, मी घरातली पुरुष मंडळी म्हणते. हेमांगीचे हात कळफलकावर अडले. तिला नाही म्हणायचं होतं, हे मला तिच्या हातांवरून कळलं. पण निवड त्यांची होती.

त्यांनी डोळे मिटले. बटण टकटक वाजू लागलं, सारख्या अंतराने, न अडखळता. आठवण काढताना उठतात त्या लाटा मला नेमक्या जागी लागत होत्या, आणि सैल तार असूनही मी एकही सोडली नाही. मग टकटक थांबली. सुनंदाबाईंनी डोळे उघडले.

"किती झाले?"

हेमांगी खोटं बोलू शकली असती. मला वाटलं, बोल बाई, खोटं बोल, कोणाचं काय बिघडणार आहे? पण ती म्हणाली, "तेरा."

 बत्तीसच्या बत्तीस रेघा वेड्यावाकड्या झाल्या. लाटा वगैरे काही नाही, नुसता आवळलेला जबडा आणि दाबून धरलेलं रडू. नासीरभाई माझा पट्टा सोडायला पुढे झाले. हेमांगीने हाताने त्यांना थांबवलं आणि ती सुनंदाबाईंच्या पायाशी, जमिनीवर बसली.

"अक्का, एक सांगा. एकही नाव अडखळलं नाही तुमचं. हे कोणत्या क्रमाने म्हणता तुम्ही?"

"क्रम कसला?" त्यांनी नाक पुसलं. "भाकरी टाकतानी मोजते, तसं."

"मला मोजून दाखवा. मोठ्याने. भाकरी टाकता तशीच."

सुनंदाबाईंनी तिच्याकडे बघितलं. मग त्यांचे हात उठले आणि मांडीवर थापायला लागले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापताना होतात तसे हात, गोल फिरत, मध्येच वळत.

"प्रेमराज आबाले एक, त्याइले दात नही. यांच्या दोन. जीवराम भाऊजीच्या तीन. रुपचंद भाऊजीच्या दोन. सुकदेवच्या तीन. योगराजची दीड, तो अर्धी टाकून देते." नावं पुढे सरकत होती, पुतणे, पुतण्यांची पोरं, पाळण्यातलं बाळसुद्धा, त्याच्या नावाने तव्यावर एक चानकी, म्हणजे इवलीशी भाकरी. मग घरातल्या बाया, एकेक करून. हात थापत होते. "मंग कामिनीची एक. मंग शेवटी मी. न कुंदन."

हात थांबले.

"कुंदन तुमच्याबरोबर का?" हेमांगीने विचारलं.

"तो मह्याच ताटात जेवते. लहानपनापासून. आता अठ्ठावीसचा हाये, सुट्टीले आला तं अजून बी मह्याच ताटात बसते. त्याचं येगळं ताट कधी मांडलंच नही." त्या सावकाश बोलत होत्या, स्वतःचंच बोलणं ऐकत असल्यासारख्या. "मुठीत बायांची नावं नसतात. मी मनातल्या मनात बाया सोडत गेली. कामिनीले सोडलं. मंग मले सोडलं. अन मह्यासंगं तो बी सुटला."

 तेरा नावं बरोबर होती. चौदावं त्यांनी विसरलेलं नव्हतंच. ते त्यांनी स्वतःच्या आत ठेवलं होतं, आणि स्वतःला मोजायची त्यांना सवय नव्हती.

मग त्या रडल्या. मघासारखं दाबून नाही, मोकळेपणाने. त्या नोंदीचा प्रयोगाला काही उपयोग नव्हता, रडणाऱ्या माणसाच्या रेघा कोणी मोजत नाही. पण हेमांगीने यंत्र बंद केलं नाही. हुंदके कमी झाले, त्यांनी डोळे मिटले, आणि डोक्याच्या मागच्या बाजूने त्या संथ लाटा आल्या. या वेळी तुटल्या नाहीत. इतक्या वर्षांत मी एवढी निवांत कधी झाले नव्हते. दोन मिनिटं असतील, फार तर.

जाताना तोतारामांनी पुन्हा विचारलं, "कागद?"

"कागद नही," सुनंदाबाईच म्हणाल्या. "चाला. रस्त्यानं सांगते. आवंदा मूठ मीच घेईन."

हेमांगीने त्यांना डॉक्टरांचं नाव मात्र लिहून दिलं. आईची हकिगत आहे, तर एकदा दाखवून घ्या, भीती मनात ठेवू नका, असं बजावलं. टोपी जे सांगू शकत नाही ते टोपीच्या तोंडी घालायचं नाही, हा तिचा नियम मला आवडतो.

त्यानंतर माझे दिवस काही बरे गेले नाहीत. असोद्याला काय झालं ते कळायला मार्ग नव्हता. नागपंचमी झाली, रविवार गेला, आणि मी मडक्यावर तळमळत बसले. घरच्यांनी ऐकलं असेल का? की म्हणाले असतील, कॉलेजातल्या पोरीचं काय ऐकायचं? इकडे हेमांगीच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, की सत्ताविसावी नोंद बाकीच्यांशी जुळत नाही, ती वगळ. हेमांगी म्हणाली, "सर, जुळत नाही म्हणूनच ठेवते." यावर दोघांचं बरंच वाजलं. त्याचा निकाल अजून लागलेला नाही.

श्रावण संपता संपता सुनंदाबाई आल्या. या वेळी एसटीने, एकट्या, पिशवीत केळीच्या दोन फण्या घेऊन. केस चापूनचोपून तेल लावलेले.

"रोट आनता येत नही, ते घराभाईर देत नहीत," त्या म्हणाल्या. "म्हनून केयी आनली."

"मूठ कोणी घेतली?" हेमांगीने खुर्चीही न देता विचारलं. माझ्यासारखीच तीही अधीर.

"मीच. डॉक्टरलेबी दाखवलं, तो म्हने काही नही. पन मूठ त्याच्या सांगन्यानं नही भेटली. घरात सगळ्याइसमोर मी भाकरी मोजून दाखवली, जशी तुले दाखवली तशी. कुंदन समोर बसला होता. तो उठला न मह्या पायावर डोकं ठेवून बसला. मंग कोनी काही बोललं नही." त्या जरा थांबल्या. "कामिनीनं चौदा चिंचोके मांडले. आवंदा पहिली मूठ मी कुंदनची घेतली. चौदा मुठी झाल्या, चौदा चिंचोके उचलले. बरोबर झालं."

"मग?"

"मंग मी पदराची गाठ सोडली. मह्याजोळ एक चिंचोका होता ना, मांघचा. तो मांडला, न आखीन सव्वा मूठ सुपात टाकली."

"ती कोणाची?"

"कामिनीनंबी हेच इचारलं, का बाई, ही कोनाची? मी म्हटलं, मही." सुनंदाबाई हसल्या. "ती मह्याकडे पाहातच राह्यली. मंग सूप आपल्याकडे ओढलं न म्हने, तं मग मही बी घाला."

त्या वर्षी त्या घरी रोट इतके झाले, की पौर्णिमेच्या आत संपवता संपवता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. नासीरभाईंनी केळी सोलता सोलता हे घरी बायकोला, साबेराभाभींना, सांगतो म्हटलं. त्या घरातही ताटं मोजताना भाभी स्वतःचं धरत नाहीत, हे त्यांच्या त्या दिवशी पहिल्यांदा लक्षात आलं.

मित्रांनो, आता माझ्याविषयी थोडं. तिसावं माणूस झालं आणि सतराव्या बटणाने कायमचा राम म्हटला. नासीरभाईंनी दोनदा डाग दिला, पण तार आतून तुटली आहे. पुढच्या कामासाठी नवी टोपी आली आहे. तिला चौसष्ट बटणं आहेत, ती कोऱ्या पेटीत बसते आणि फार बोलत नाही. मी मडक्यावरच आहे. धूळ बसते तेव्हा नासीरभाई पुसतात. अंधार पडला की मला ते धुळ्याचं कपाट आठवतं आणि मी उगाच थरथरते. मडक्याला त्याचं काही नाही.

माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरात कोणी काही विसरलं, तर 'हिला विसरायला झालं' असं म्हणून मोकळे होऊ नका. जवळ बसा, आणि त्यांची मोजायची रीत कोणती ते विचारा. दुखणं असेल तर डॉक्टर आहेत, पण आधी विचारा. आणि घरात ताटं मांडाल तेव्हा मोजणाऱ्याचं ताट पहिलं मांडा.

माझं कोणी मोजलं नाही तरी चालेल, असं म्हणून गोष्ट संपवणार होते. पण निरोगी माणसांच्या डोक्यावर बसून मी एक शिकले, की असं म्हणणारं कोणीच खरं बोलत नसतं. तेव्हा कधी त्या प्रयोगशाळेत आलात आणि नव्या टोपीची चौसष्ट बटणं मोजून झाली, तर मडक्याकडेही या. माझी एकतीस अजून चालू आहेत.